चीनमधल्या कोळसा खाणींच्या विजेवरच्या छोट्या रेल्वे : बोगद्यातून बाहेर येणारी तार

मालधक्का

नोकरीनिमित्त तीन वर्षं चीनमधल्या छांगशा शहरात होतो. रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुठला ना कुठला रूळ शोधत फिरायचो. चीनमधल्या छोट्या रुळांच्या गाड्या म्हटलं की सगळीकडे वाफेच्या इंजिनांचेच फोटो दिसतात. सिचुआनमधली ती पिवळ्या मोहरीतून जाणारी गाडी तर बहुतेकांनी पाहिली असेल. पण ज्या छोट्या गाड्यांनी चीनच्या खाणींतला कोळसा खरोखर बाहेर आणला त्या विजेवरच्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल मराठीत एक ओळही मला सापडली नाही. म्हणून हा धागा.

छांगशाहून पूर्वेला, च्यांगशी प्रांताच्या हद्दीत, फिंगश्यांग नावाचं गाव आहे. वेगवान गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. गावाबाहेर आन्युआनची कोळसा खाण. १८९८ साली सुरू झाली. भांडवलात जर्मन कर्ज, कामावर जर्मन अभियंते, यंत्रं जर्मन. हान्यांगच्या लोखंडाच्या कारखान्याला कोक, म्हणजे भट्टीसाठी भाजलेला कोळसा, हवा होता, त्यासाठी हा सगळा खटाटोप. कोळसा डोंगरातून काढून नदीकाठापर्यंत न्यायला फिंगश्यांग ते चूचोउ अशी मोठ्या रुळांची रेल्वेही १९०५ पर्यंत पुरी झाली.

मी तिथे गेलो ते मुख्य बोगद्याचं तोंड बघायला. चिनी लोक त्याला 'त्सुंग-फिंग-हांग' म्हणतात, म्हणजे 'मुख्य सपाट गल्ली'. यातल्या शेवटच्या अक्षराची एक गंमत मला फार आवडली. शहरातल्या गल्लीसाठी तेच अक्षर 'श्यांग' असं वाचतात, पण खाणीत आलं की त्याचा उच्चार 'हांग' होतो. अक्षर एकच, डोंगराच्या आत गेलं की बोलायची तऱ्हा बदलते.

बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर पहिली गोष्ट दिसली ती डोक्यावरची तार. आपल्या लोकलच्या तारेसारखीच, पण हात वर केला तर जवळजवळ लागेल इतकी खाली. खाली अरुंद रूळ, त्यावर चौकोनी पेटीसारखं बुटकं इंजिन आणि मागे कोळशाचे डबे. तार आणि रूळ दोन्ही तसेच अंधारात शिरत होते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण समजतो की छोट्या रुळांची रेल्वे म्हणजे कमी पैशांत बांधलेली रेल्वे. डोंगरदऱ्यांत ते खरंही आहे. पण खाणीच्या रेल्वेत रुळाची रुंदी जमिनीवर ठरतच नाही. ती आतला बोगदा ठरवतो. बोगदा जितका रुंद खणाल तितका जास्त दगड उपसायचा, तितके जास्त आधार लावायचे, आणि त्या दगडाचे पैसे कुणी देत नाही. म्हणून आत ६०० मिमी, मोठ्या खाणीत ९०० मिमी. तीच गाडी तशीच बाहेर उजेडात येऊन कोळसा धुण्याच्या कारखान्यापर्यंत जाते, आणि म्हणून बाहेरचा रूळही तेवढाच. ज्याला आपण 'रेल्वे' म्हणून बघतो तो खरं तर खाणीचा बाहेर आलेला तुकडा असतो.

आणि वाफेचं इंजिन बोगद्यात शिरू शकत नाही. धूर कोंडेल, विस्तव आत जाईल. आत जायचं तर वीज हवी.

बोगद्याच्या तोंडाशी काढलेले फोटो जमतील तसे देतो. कुणाला खाणीचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर जरूर लिहा.

पुस्तकपेटी

उत्तम विषय. वाचनखूण साठवली.

आन्युआन म्हटल्यावर १९२२ चा संप आठवलाच पाहिजे. १४ ते १८ सप्टेंबर, खाण आणि रेल्वे मिळून तेरा हजारांहून जास्त कामगार. पुढाऱ्यांत कम्युनिस्ट पक्षाचे ली लीसान आणि ल्यू शाओची. त्यांची घोषणा मला कायम लक्षात राहिली आहे: 'आधी बैल-घोडे होतो, आता माणूस व्हायचंय.' पाच दिवसांत मालकांनी तेरा कलमी करारावर सही केली.

या घोषणेकडे तुमच्या धाग्याच्या अंगाने बघितलं तर ती नुसती उपमा राहत नाही. खाणीत डबे ओढायचं काम जगभर घोडे, खेचरं, माणसं आणि पोरं करत होती. खुद्द चीनमध्ये १८८१ साली खायफिंगच्या खाणीसाठी थांगशानजवळ जो रूळ टाकला त्यावर सुरुवातीला खेचरांनीच डबे ओढले होते. आन्युआनच्या मुख्य बोगद्यात विजेचं इंजिन आलं, पण कोळशाच्या थरापासून त्या बोगद्यापर्यंत टोपल्या ओढणारी माणसंच होती. सरपटत, अंगावर कपडा नसताना.

बार्शीलाईट

खायफिंगच्या उल्लेखावरून एक भर घालतो. तिथे आधी बेत होता अडीच फुटी रुळाचा, म्हणजे ७६२ मिमी. ब्रिटिश अभियंता किंडर अडून बसला की रूळ टाकायचा तर प्रमाण मापाचाच, ४ फूट साडेआठ इंच. त्याचं ऐकलं गेलं आणि पुढे चीनची बहुतेक सगळी रेल्वे त्या मापाची झाली. एका कोळसा खाणीच्या दहाएक किलोमीटर रुळाने अख्ख्या देशाचं माप ठरवलं.

आपल्याकडे असा माणूस नव्हता म्हणून तीन-तीन मापं आली आणि ती एकसारखी करताना शतक गेलं. पण अडीच फुटी रुळावर माझं प्रेम आहे हे माझ्या नावावरून कळलंच असेल. बार्शी लाइट रेल्वे (१८९७, कुर्डुवाडी ते बार्शी) त्याच मापाची होती. आपली शकुंतलाही. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइनही तीच, आणि तिची परासियाची फांदी तर पेंच खोऱ्यातल्या कोळशासाठीच.

चीनमधल्या कोळसा आणि लाकूडतोडीच्या छोट्या रेल्वेंमध्येही ७६२ मिमी भरपूर होतं. मात्र तुम्ही म्हणता तसं, ते बाहेरचं माप. आत ६०० किंवा ९००. दोन्हींची गाठ जिथे पडते तिथे कोळसा एका डब्यातून दुसऱ्यात ओतावा लागतो.

एक शंका

प्रश्न बाळबोध असेल तर क्षमा करा. कोळशाच्या खाणीत ज्वलनशील वायू असतो ना? मग तिथे उघडी तार आणि ठिणग्या उडवणारं इंजिन कसं चालतं? लोकलच्या तारेवर पावसाळ्यात केवढा जाळ होतो ते रोज बघते.

निवृत्त ओव्हरमन

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो.

मी चांद्याकडचा. बत्तीस वर्षं जमिनीखाली काढली, शेवटची अकरा ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारा, म्हणून. आमच्याकडे तारेवरचं इंजिन नव्हतं. टब, म्हणजे कोळशाचे डबे, दोराने ओढायचे, हॉलेजवर. पण नोकरीत असताना चिनी यंत्रं आमच्या भागात आली, त्यांच्यासोबत चिनी लोक आले, आणि त्यांचे नियम वाचायची संधी मिळाली. तेवढ्यावरून सांगतो.

मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की स्फोट होतो. त्यापेक्षा कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तर हवा पुरत नाही. मिथेन निघतो कोळशाच्या फेसवर, म्हणजे जिथे कापणी चालते तिथे. खाणीत हवा एका वाटेने आत येते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर जाते. आत येणारी हवा ताजी, फेसवरून फिरून आलेली हवा वायू घेऊन परतणारी. तारेवरचं इंजिन चालवायचं ते फक्त ताज्या हवेच्या वाटेवर, आणि तेही सहसा कमी वायू असलेल्या खाणीत. वायू जास्त असेल तर चीनमध्येही बॅटरीचं इंजिन लागते, आणि त्याचीही पेटी स्फोटरोधक. म्हणून मालधक्का यांनी तार पाहिली ती मुख्य बोगद्याच्या तोंडाशी. ती हवा आत जायची वाट असणार. फेसपर्यंत ती तार जातच नाही.

पण वायूपेक्षा मला जास्त भीती वाटे ती परतीच्या विजेची. याबद्दल लोक कमी बोलतात म्हणून सविस्तर लिहितो.

तारेतून वीज इंजिनात येते, मोटर फिरवते, आणि परत जाते ती चाकातून रुळात, रुळातून वीजघरात. म्हणजे रूळ ही दुसरी तारच आहे. आता रूळ काही अखंड नसतो. दोन तुकडे फिशप्लेटने, म्हणजे बोल्ट लावलेल्या लोखंडी पट्टीने, जोडलेले. बोल्ट ढिला झाला, गंज चढला, तर वीज तिथे अडते आणि दुसरी वाट शोधते. जमिनीतून जाते, पाण्याच्या पाइपातून जाते, लोखंडी आधारांतून जाते. अशी भटकी वीज पाइप खाऊन टाकते. आणि कुठे सुरुंग भरायचं काम चालू असेल आणि डिटोनेटरच्या उघड्या तारा त्या पाइपाला लागल्या, तर बटण न दाबता सुरुंग उडू शकतो.

म्हणून दोन गोष्टी करतात. एक, प्रत्येक जोडावर रूळ ते रूळ अशी तांब्याची जाड दोरी जोडतात. दोन, विजेचा रूळ जिथे संपून पुढे वायूच्या भागातला साधा रूळ लागतो, तिथे मध्ये वीज न जाणारे जोड घालतात. तेही एक नाही, दोन. आणि त्या दोघांमधलं अंतर एका पूर्ण गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. का? कारण एकच जोड असला तर त्यावरून डबे जाताना डब्यांचं लोखंडच वीज पलीकडे पोचवेल. दोन असले की एक तरी कायम मोकळा राहतो. हा नियम ज्याने पहिल्यांदा लिहिला त्याने आधी काय पाहिलं असेल याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

एक शंका

काका, मनापासून आभार. 'गाडीच्या लांबीपेक्षा जास्त' हे वाचून अंगावर काटा आला.

मालधक्का

ओव्हरमनकाका, तुमच्यासारखं कुणी लिहावं म्हणूनच धागा काढला होता.

तुम्ही वायूचं सांगितलंत, मी पाटीचं सांगतो. चिनी खाणीच्या इंजिनावर पितळी पाटी असते, तिच्यावर 'झेडके १०-६/५५०' असं काहीतरी लिहिलेलं. झेड म्हणजे एकदिश (डीसी) वीज, के म्हणजे खाणीसाठी, १० म्हणजे इंजिनाचं वजन १० टन, ६ म्हणजे ६०० मिमी रूळ, ५५० म्हणजे तारेतला दाब व्होल्टमध्ये. 'झेडके १४-९/५५०' दिसलं की १४ टन आणि ९०० मिमी. एकदा कळलं की पाटीवरून अख्खी खाण डोळ्यासमोर उभी राहते. यातली कितीतरी इंजिनं छांगशाच्याच शेजारच्या श्यांगथान शहरात बनली. नव्या इंजिनांवर अक्षरं वेगळी असतात, पण जुने लोक अजून झेडकेच म्हणतात.

५५० किंवा २५० व्होल्टच का, याचं उत्तर तारेच्या उंचीत आहे. चिनी नियमाप्रमाणे जिथे माणसं चालतात तिथे तार रुळापासून किमान २ मीटर हवी, जिथे चालत नाहीत तिथे १.९ चालते, आणि शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तळापासून माणसं गाडीत बसायच्या जागेपर्यंत २.२. आपल्या मुंबईच्या लोकलला पूर्वी १५०० व्होल्ट होते, पण ती तार माणसाच्या कितीतरी वर. इथे खांद्यावर पहार घेऊन चालणारा माणूस आणि तार यांत वीतभर अंतर.

निवृत्त ओव्हरमन

बरोबर. खांद्यावर ड्रिलचा रॉड घेऊन चालायची सवय प्रत्येक खाणकामगाराला असते. तार असलेल्या बोगद्यात तो रॉड हातात आडवा, कमरेखाली धरायचा. नव्या पोराला हे पहिल्या दिवशी शिकवावं लागते.

आणि ब्रेकचं राहिलं. त्यांच्याकडे माल घेऊन जाणारी गाडी ४० मीटरच्या आत थांबली पाहिजे, माणसं नेणारी २० मीटरच्या आत, आणि वर्षातून एकदा तरी हे मोजून बघायचं. अंधारात ४० मीटर म्हणजे पुष्कळ वाटते, पण मागे वीस-पंचवीस भरलेले टब असले की ते पुढे ढकलत राहतात.

प्रवासवेडी

मी सिचुआनमधल्या त्या वाफेच्या गाडीने गेले आहे, च्यायांगच्या. धाग्याच्या मूळ मुद्द्याशी जुळेल म्हणून लिहिते.

लशानजवळ छ्यानवेई तालुक्यात ही जवळपास २० किलोमीटरची लाइन आहे, ७६२ मिमी, १९५९ सालची. खाण त्याआधीची, १९३८ ची. जपानी सैन्य पुढे सरकत होतं तेव्हा हनान प्रांतातल्या खाणीची यंत्रं उचलून सिचुआनच्या डोंगरात आणली आणि सुन युएछी नावाच्या अभियंत्याने इथे खाणी उभ्या केल्या. गाडीच्या खिडक्यांना काचा नाहीत. भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, शाळेची मुलं सगळे त्याच गाडीत. मीफंगयान नावाच्या ठिकाणी इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलटी होऊन चढते, आपल्या घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनासारखी.

शेवटच्या स्टेशनांपैकी एकाचं नाव पाच्याओकोउ. अर्थ विचारला तर म्हणाले, केळीची घळ. मला कोकणातलं गाव वाटलं.

मालधक्का, तुमचा मुद्दा वाचल्यावर मला तिथलं एक दृश्य वेगळ्या नजरेने आठवलं. लाइनच्या टोकाला ह्वांगत्सुनचिंग इथे जुनी खाण पर्यटकांना दाखवतात. हेल्मेट घालून आत नेतात. बाहेरची गाडी बघायला माझ्यासोबत पन्नास कॅमेरे होते. आत गेलो तेव्हा अरुंद रुळावर डबे उभे होते आणि एकानेही त्यांचा फोटो काढला नाही. मीही नाही. आज वाईट वाटतंय.

रुळावरचा

फूशुन कसं कुणी विसरलं? चीनमधल्या कोळशाच्या विजेवरच्या छोट्या रेल्वेत सगळ्यात मोठं नाव तेच.

बार्शीलाईट

फूशुन छोट्या रुळाची नव्हे, प्रमाण मापाची. हा गोंधळ बऱ्याच ठिकाणी दिसतो, म्हणून सांगतो.

पण तिचा उल्लेख इथे हवाच, कारण तुलनेने मालधक्का यांचा मुद्दा सिद्ध होतो. फूशुनची पश्चिम खाण ही उघडी खाण. साडेसहा किलोमीटर लांब, दोन रुंद, खोली चारशे मीटरच्या आसपास. वर आभाळ आहे, बोगद्याचं बंधन नाही, म्हणून रूळ मोठा टाकता आला. इंजिनं थेट खड्ड्याच्या पायऱ्यांवरून उतरायची. तिथे विजेची गाडी १९१४ पासून. आपल्या बोरीबंदर ते कुर्ला पहिल्या विजेच्या गाडीआधी (३ फेब्रुवारी १९२५) अकरा वर्षं. कामगारांसाठी विजेच्या प्रवासी गाड्याही होत्या, त्या २००९ पर्यंत चालल्या. म्हणजे वीज दोन्हीकडे, कोळसा दोन्हीकडे. फरक एवढाच, की एकीकडे छत आहे आणि एकीकडे नाही.

रुळावरचा

दुरुस्तीबद्दल आभार. मी स्वतःच इतकी वर्षं चुकीचं समजत होतो.

पुस्तकपेटी

या गाड्यांचा आरंभही जर्मनीतलाच. जगातलं पहिलं खाणीतलं विजेचं इंजिन सिमेन्सने १८८२ साली साक्सनीमधल्या झाउकेरोडच्या कोळसा खाणीत चालवलं. नाव डोरोथेआ. १९२७ पर्यंत कामावर होतं, पंचेचाळीस वर्षं. १८९८ ला आन्युआनात जर्मन अभियंते आले तेव्हा त्यांच्या दृष्टीने ही सोळा वर्षं जुनी, पारखलेली गोष्ट होती.

एक शंका

आता या गाड्या कुठे बघायला मिळतील? माझा भाऊ शांघायला असतो.

मालधक्का

झपाट्याने संपताहेत. मोठ्या खाणींनी कोळशासाठी पट्टे बसवले. फेसपासून बाहेरपर्यंत रबरी पट्टाच, गाडीची गरज नाही. गाडी उरली ती सामान आणि माणसं न्यायला. आणि लहान खाणी, जिथे गाडीच सगळं काम करायची, त्या २०१६ नंतर सरकारने उत्पादन कमी करायचं ठरवल्यावर मोठ्या संख्येने बंद झाल्या. पेइचिंगच्या पश्चिमेच्या डोंगरात शेकडो वर्षं कोळसा निघत होता, तिथली शेवटची ताथाय खाणसुद्धा २०२० साली बंद झाली.

वाफेचं इंजिन बंद पडलं की लोक चबुतरा बांधून उभं करतात. विजेचं दहा टनी इंजिन बंद पडलं की भंगारात जातं. बुटकं, चौकोनी, रंग उडालेलं, त्याच्यावर कुणाचा जीव जडत नाही. भावाला जमलं तर आन्युआनला जायला सांगा. तिथे कामगार चळवळीचं संग्रहालयही आहे.

निवृत्त ओव्हरमन

मालधक्का, तुमच्याकडे तोंडाशी काढलेला फोटो आहे म्हणालात. त्यात रूळ जवळून दिसते का? जोडावर तांब्याची दोरी आहे का बघून सांगा. फिशप्लेटच्या बाहेरून, एका रुळाच्या बुडाला लागून दुसऱ्याच्या बुडाला गेलेली.

मालधक्का

काका, फोटो मोठा करून बघितला. डावीकडच्या रुळावर दोन जोड दिसतात, दोन्हींवर आहे. बोटभर जाड, पीळ घातलेली, हिरवट झालेली. उजव्या रुळाचा एकच जोड फोटोत आला आहे. तिथे दोरी दिसत नाही, रुळाला चिकटलेलं फक्त एक टोक दिसतं.

तेव्हा मी त्या जोडापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि डोळे सगळे वरच्या तारेकडे होते.

निवृत्त ओव्हरमन

टोक राहिलं म्हणजे दोरी होती, तुटली किंवा कुणी काढून नेली. तांब्याला भाव मिळते.

त्या जोडाची फिशप्लेट बघा. बाकीच्यांपेक्षा काळी-निळी झालेली असेल तर दोरी गेल्यानंतरही गाडी चालत होती, आणि वीज सगळी त्या प्लेटमधून जात होती. नुसती गंजून लाल असेल तर तार आधीच बंद झालेली होती.

मालधक्का

लाल आहे.